रंग कधी देणार?

“काकू, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्यांच्या पोराने ते धूड ओढून आणलंय ना, ते म्हणे तो रंगवणारच नाही!”

“रंगवायचं असतं तर इतकं गंजलेलं कशाला शोधलं असतं गं त्याने? तू आधी ती कपड्यांची बादली खाली ठेव. पाच मिनिटांत आटपणारी गोष्ट नाही ही.”

सातपूरच्या अशोकनगरात आमची आणि काकूंची भिंत एकच. तिच्यावर काचा लावायचं दोन्ही घरांत कधी कोणाच्या मनात आलं नाही, कारण अर्धा व्यवहार तिच्यावरूनच चालतो. वाटीभर साखर, कुरडयांचं ताट, लग्नाच्या पत्रिका आणि गल्लीतल्या बातम्या. काका महिंद्रा कंपनीतून निवृत्त झालेले. सातपुरात नुसतं ‘कंपनी’ म्हटलं तरी पुरतं, कुठली ते कोणी विचारत नाही. त्यामुळे विषय गाडीचा निघाला की काकू अधिकारवाणीने बोलतात, आणि काका आतून एखादा आकडा दुरुस्त करतात.

“म्हणजे पैसे मोजून आणलं ते?”

“मग? पिंपळगावच्या बाजूला एका द्राक्षबागेच्या बांधावर उभी होती. आधी पेट्या वाहायची, मग फवारणीच्या पाण्याचं पिंप, शेवटी हौद्यात कोंबड्या बसायच्या. मालक भंगारवाल्याला किलोवर देणार होता. ह्याने त्याच्यापेक्षा थोडे जास्त मोजले. जुनी पिकअप आहे गं. पुढे जीपचं तोंड, मागे हौदा.”

“आणि त्या कोंबड्या बसायच्या गाडीचं हा काय करणार?”

“टप चार बोटं खाली आणणार. खांब कापायचे, मधला तुकडा काढायचा, वरचा भाग परत खाली जोडायचा. मडगार्ड काढायचे. बॉनेट ठेवायचंच नाही, इंजिन उघडं. पाटे काढून गाडी जमिनीलगत बसवायची. आणि पत्र्यावरचा गंज आहे तसा ठेवायचा. रॅट रॉड म्हणतात त्याला. अमेरिकेतलं खूळ आहे.”

“तिकडे काय रंग महाग आहे?”

“तिथेच तर मेख आहे. काल रात्री काका मला हेच समजावत बसले, माझी मालिका बुडाली. तिकडे युद्धाच्या आधीपासूनच पोरांना गाड्यांचा नाद. जुन्या फोर्ड घ्यायच्या, ती १९२८ ते ३१ सालची ‘मॉडेल ए’, तिच्यावरचं नको ते वजन उतरवायचं आणि कॅलिफोर्नियात सुकलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात पळवायच्या. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन स्वस्तात बाजारात आणलं, मग तर विचारूच नको. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेली पोरं त्यात उतरली. हाताला मशीनचं काम ठाऊक, खिसा बेताचा. ह्या झाल्या हॉट रॉड.”

“बरं, मग?”

“मग पैसेवाले शिरले. क्रोमचा चकचकाट, रंगाचे थरावर थर, लाखोंचा खर्च. एवढी नटवलेली गाडी रस्त्यावर कोण काढणार? ती ट्रेलरवर चढवून प्रदर्शनात न्यायची आणि ट्रेलरवरूनच घरी आणायची. ‘हात लावू नये’ अशी पाटी. ते बघून काही जणांचं डोकं फिरलं. त्यांनी मुद्दाम ओबडधोबड गाड्या बांधायला घेतल्या. मिळेल तो भाग, दिसेल तो वेल्डिंगचा सांधा, गंज तसाच, आणि गाडी मात्र रोज चालवायची. १९९०च्या दशकात त्यांना हे नाव पडलं. आधी चेष्टेत, नंतर तेच लोक ते मिरवायला लागले.”

“म्हणजे श्रीमंतांवरचा राग काढला म्हणायचा गाडीवर.”

“राग म्हण, नाहीतर खिशाला परवडेल तेवढी हौस म्हण.”

मी बादलीतला एक शर्ट उगाच झटकला. “हौस ठीक आहे हो काकू, पण त्याच्या आईचा चेहरा बघवत नाही. परवा मुलीकडचे बघायला आले. दारात ते भंगार. मुलीच्या मामाने विचारलं म्हणे, ‘व्यवसाय भंगाराचा का?’ पोरगा आयटीआय झालेला, चांगल्या नोकरीला, आणि आईला सांगावं लागलं की नाही हो, तो छंद आहे.”

“स्थळ गेलं?”

“गेलं कसलं! मुलगीच गाडीभोवती दोन चकरा मारून आली. तिने म्हणे विचारलं, ब्रेक कुठले बसवणार?”

“मग ठरलंच समज,” काकू म्हणाल्या. “पत्रिका नाही जुळली तरी चालेल, ज्या मुलीला ब्रेकची काळजी आहे ती घर नीट चालवेल.”

“पण काकू, खरं सांगा, आपल्याकडे असलं काही कोणी केलं होतं का? हे सगळं मोबाइलवर बघून डोक्यात शिरतं पोरांच्या.”

“नाही कसं? सांगलीकडचे लोहार विसरलीस? देवराष्ट्रे गाव, कडेगाव तालुका. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते. तिथले दत्तात्रय लोहार. पोराला गाडी हवी होती, नवी घ्यायची ऐपत नाही. मग ह्या माणसाने भंगारातून, जुन्या गाड्यांचे सुटे भाग गोळा करून घरच्या घरी चारचाकी उभी केली. साठेक हजार रुपये लागले म्हणे. आणि सुरू कशी व्हायची माहितीय? किक मारून! स्कूटरला मारतात तशी बाजूने किक मारायची, मग आत बसायचं.”

“हो हो! तो व्हिडिओ मला तीन ग्रुपवर आला होता.”

“सगळ्यांनाच आला. २०२१च्या डिसेंबरात तो महिंद्रा समूहाच्या आनंद महिंद्रांनीही पाहिला. त्यांनी काय लिहिलं ते मात्र लोक अर्धंच सांगतात. त्यांनी आधी सरळ म्हटलं, की ही गाडी कुठल्या नियमात बसत नाही आणि आज ना उद्या तिथले अधिकारी ती अडवणारच. आणि त्याच दमात म्हणाले, की ही मला द्या, मी बदल्यात बोलेरो देतो, ही आमच्या संशोधन केंद्रात ठेवू, म्हणजे कमी साधनांत काय करता येतं ते आमच्या लोकांना दिसेल.”

“मग लोहारांनी उडी मारली असेल.”

“मुळीच नाही. आधी कां-कू करत होते. स्वतःच्या हाताने केलेली घरातली पहिली गाडी, लक्ष्मी ती. ती कशी देऊन टाकायची? शेवटी २०२२च्या जानेवारीत अदलाबदल झाली. बोलेरो लोहारांच्या दारात, आणि किकवाली गाडी महिंद्रांच्या संग्रहात, चेन्नईजवळच्या केंद्रात.”

आतून काकांचा आवाज आला, “बोलेरो आपल्या नाशिकच्या कारखान्यात होते, ते सांग तिला!”

“सांगितलं!” काकू न सांगताच ओरडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ह्यांना बोलेरोचं नाव काढलं की उरात काहीतरी होतं. इथला कारखाना १९८१चा. बोलेरो आली २००० साली, स्कॉर्पिओ २००२ला, आणि ती नवी थार २०२०च्या गांधी जयंतीला. सगळी आपल्या सातपूरची लेकरं. इंजिनं इगतपुरीला होतात. ह्यांना विचारशील तर जगात जीप फक्त नाशिकलाच बनते.”

“बनत नाही का?”

“मूळ अमेरिकेची ना ती, विलीज कंपनीची, युद्धातली. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत तिचे भाग जोडायला सुरुवात केली. आणि तुला गंमत सांगू? १९४५ला कंपनी सुरू झाली तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. ते भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलसुद्धा. मग १९४८ला इकडे नाव झालं महिंद्रा अँड महिंद्रा.”

“अगंबाई! म्हणजे अर्धी कंपनी पाकिस्तानचं सरकार चालवायला गेली.”

“आणि उरलेलीने आपल्याला जीप दिली. आता त्या जीपच्या तोंडावरून काय भांडण झालं ते ऐक. तिच्या पुढच्या जाळीला उभ्या फटी असतात बघ. युद्धातल्या जीपला नऊ, नंतरच्या नागरी जीपला सात. ती जाळी हीच जीपची ओळख. २०१८ला महिंद्राने अमेरिकेत ‘रॉक्सर’ नावाची छोटी गाडी काढली, डेट्रॉइटच्या बाजूला. शेताबिताच्या कामाची, रस्त्यावर न्यायची नाही अशी. पण चेहरा जीपचा. तर तिकडे जीपचे तेव्हाचे मालक, फियाट क्रायस्लर, गेले तक्रार घेऊन. २०२०ला निकाल महिंद्राच्या विरोधात लागला. मग बिचाऱ्या रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला.”

“एवढं रामायण जाळीवरून?”

“जाळीवरून. म्हणून तर काकांनी त्या पोराला पहिलीच अट घातली, काय हवं ते काप, पण जाळीला हात लावायचा नाही. तेवढी एक गोष्ट ठेव म्हणजे ही कुठल्या घरची लेक ते कळेल.”

“काका पण सामील आहेत होय ह्यात! तरीच दुपारचे ग्राइंडर चालू असताना तुमच्याकडून तक्रार नाही.”

काकूंनी पदर खोचला. “अगं, मी काय सांगू! आठ दिवस झाले, ह्यांचा चष्मा तिकडे, डबा तिकडे. पहिल्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर हे जमिनीवर आडवे, गाडीखाली. हातात छोटा हातोडा. चासीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वीत-वीत अंतरावर टकटक करत चालले होते आणि कान लावून ऐकत होते. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाले, गप्प बस, ऐकू दे. लोखंड धड असेल तर टण्ण वाजतं, आवाज लांबतो. आतून खाल्लेलं असेल तर थप, की संपलं. जिथे थप वाजलं तिथे खडूने फुली मारत होते. पुढून निम्म्यापर्यंत सगळं टण्ण. मागच्या ॲक्सलवर आल्यावर दोन फुल्या. आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर नुसता अंगठा टेकवला तर पापड मोडावा तसा तो मोडला.”

“बाप रे. आणि ह्यात बसून लोक माल नेत होते!”

“नेत होते म्हणून तर काका म्हणतात, गंजात पण फरक असतो. पत्र्यावर वरवर बसलेला गंज म्हणजे नुसता रंग. चासीला लागलेला गंज म्हणजे अपघात. पहिला ठेव, दुसऱ्याला दयामाया नाही. त्या दोन फुल्यांच्या जागी नवं लोखंड घालून चासी सांधली. पायाखालचा पत्रा सगळा नवा. इंधनाची जुनी टाकी तर वेल्ड करायचीच नाही म्हणून सांगितलं, आत वाफ राहिली की भडका उडतो. नवीच घ्यायची.”

“पण गंज ठेवायचा म्हणजे काय करायचं नेमकं? पावसाळ्यात वाढणार नाही का तो? आपल्याकडे ही असली भुरभुर, चार महिने दोरीवरचे कपडे वाळत नाहीत.”

“मी पण हेच विचारलं. तर आधी सुटा गंज तारेच्या ब्रशने काढायचा. चिकटून बसलेला तांबूस थर राहू द्यायचा. साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचं. मग जवसाच्या तेलाचा हात द्यायचा, नाहीतर वरून चमक नसलेलं क्लिअर मारायचं. तेल दिलं तर ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. आळशी माणसाचं काम नाही ते. रंग लावून मोकळं होणं सोपं.”

“म्हणजे न रंगवायचं काम रंगवण्यापेक्षा जास्त!”

“आणि का ते मला परवा कळलं. पोरगा दार धूत होता. ओल्या फडक्याने चिखल निघाला, तशी खालून अक्षरं वर आली. हाताने रंगवलेली. पेंटरने ब्रशने काढलेली ती जुनी गोल अक्षरं. वर मळ्याचं नाव, खाली ‘द्राक्ष बागायतदार’, त्याच्या खाली ‘जि. नाशिक’. पिवळा रंग जवळजवळ गेलेला, पण काळी किनार राहिलेली. ‘बागायतदार’मधला ‘बा’ कोणीतरी खरवडलेला. फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ निम्मं. ते पोरगं फडकं हातात धरून तसंच उभं राहिलं. मला म्हणालं, काकू, ह्याच्यावर रंग मारला की ही गाडी कोणाची होती ते कायमचं गेलं.”

मी काही बोलले नाही. आमच्या सासऱ्यांच्या टेम्पोवरही अशीच अक्षरं होती. तो टेम्पो किलोवरच गेला.

“इंजिन तरी मूळचं आहे का?” मी विचारलं.

“ते कधीच गेलं. जुन्या जीपना पेट्रोल लागायचं, शेतकऱ्याला परवडेना. म्हणून कितीतरी जणांनी तेव्हाच डिझेल इंजिनं बसवून घेतली. कंपनीने पण पुढे ट्रॅक्टरचं इंटरनॅशनल डिझेल घातलं, मग प्युजोचं आलं. ह्या गाडीत कोणीतरी गावातल्याच मिस्त्रीने डिझेल बसवलंय, आणि बसवण्याचे कंस बघ, नांगराच्या पट्टीचे! काका बघून हसले आणि मग म्हणाले, मोजमाप चोख आहे. म्हणजे गाडी आपल्या पोराकडे यायच्या आधीच अर्धी बदललेली होती. त्याला कोणी काही नाव दिलं नव्हतं इतकंच.”

“आणि हे सगळे सुटे भाग मिळतात कुठे आता?”

“पूर्वी अंबड लिंक रोडला भंगार बाजार होता तिथे काहीही मिळायचं. २०१७ला महापालिकेने तो उठवला. आता फोनाफोनी करायची, ओळखीच्या गॅरेजवाल्यांना विचारायचं. मुंबई-आग्रा रस्ता आपल्या दारातून गेलेला, म्हणून नाशिककरांच्या मळ्यांत जुन्या ट्रकांची हाडं अजून सापडतात म्हणे. शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून १९५४ पर्यंत शेवरलेटच्या गाड्या जोडायची. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमध्ये डॉज आणि फार्गो. कसारा घाट चढून त्या इकडेच यायच्या.”

“ते जाऊ द्या. मला एक सांगा. ही गाडी तयार झाली, समजा. पोरगा तिच्यात बसून कॉलेज रोडवरून निघाला. पोलीस काय ओवाळणार आहेत का त्याला?”

काकू हसल्या. “हा मुद्दा सगळ्यात आधी त्याच्या होणाऱ्या बायकोनेच काढला असणार बघ. तर कायदा असा आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम. कंपनीने नोंदवून दिलेला गाडीचा साचा मालकाला मनाने बदलता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.”

“प्रत्येक बदलामागे?”

“प्रत्येक. आता मोज. टप एक, मडगार्ड दोन, बॉनेट तीन, पाटे चार…”

“बस बस. गाडीच्या किमतीपेक्षा दंड जास्त.”

“म्हणून काही जण म्हणतात, जुनी गाडी आहे ना, मग व्हिंटेजमध्ये नोंदवा. २०२१च्या जुलैमध्ये केंद्राने तसा नियम केला खरा. पहिली नोंदणी होऊन पन्नास वर्षं उलटलेली हवी. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत. पण अट काय? गाडी मूळ रूपातच हवी, फार मोठी उलथापालथ केलेली चालणार नाही. शिवाय नियम खासगी वापराच्या गाड्यांसाठी. मालवाहू म्हणून नोंद असेल तर पहिल्याच पायरीला अडकलं. आणि नंबर मिळाला तरी रोज भाजी आणायला नाही न्यायची. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन, एवढ्यासाठीच.”

“म्हणजे मूळ रूपात ठेवली तर व्हिंटेज. कापली तर ना व्हिंटेज, ना धड चालती गाडी.”

“अगदी. आणि आता मी तुला मघाशी काय सांगितलं ते आठव. तिकडे ह्या गाड्या निघाल्याच कशामुळे? नटवलेल्या गाड्या ट्रेलरवरून फिरतात ह्या रागातून. आणि नाशिकचा हा रॅट रॉड जाणार कसा? ट्रेलरवरून! काका हे म्हणाले तेव्हा पोरगंसुद्धा हसलं, पण तोंड उतरलं होतं.”

“मग कशाला करायचं हो एवढं?”

“मी पण भांडले त्यांच्याशी ह्यावरून. म्हटलं, ज्या गाडीत बसून त्र्यंबकला जाता येत नाही तिचा उपयोग काय? तर काका म्हणाले, लोहारांची गाडी आता कुठे आहे? संग्रहात उभी आहे. ती कोणी चालवत नाही, तरी इंजिनिअर लोक तिच्याकडे बघून शिकतात. लोहारांनी गरजेपोटी केली, हा हौसेपोटी करतोय, पण हात त्याच कामाला लागलेत. आज कारखान्यात वेल्डिंग यंत्रमानव करतात. चासीवर हातोडा टेकवून आवाज ओळखणारी माणसं आमच्या वयाची. आम्ही गेलो की कान पण गेले. ह्या पोराने निदान एक चासी ऐकली. आणि चालवायचीच असेल तर मळा आहे, खासगी जागा आहे, तिथे चालव, पण हेल्मेट घालून आणि ब्रेक आधी बसवून.”

“पण काका तर मूळ गाड्यांचे भक्त. त्यांनी कापायला होकार कसा दिला?”

“दिलाच नव्हता. चासी-केबिन धड निघाली असती तर त्यांनी ग्राइंडर हातातून काढून घेतला असता. म्हणाले असते, एक एक भाग शोध, मूळचा रंग लाव, पन्नास वर्षांची कागदपत्रं जमव आणि व्हिंटेजला दे. पूर्ण गाडी कापणं म्हणजे पाप. पण इथे खालचा पत्रा गेलेला, केबिनचे खांब बुडातून खाल्लेले, मडगार्ड नुसते नावाला, इंजिन परकं. मूळ असं राहिलं होतं काय? जाळी, दारं, हौदा आणि नंबर. तेवढं ठेवायचं ठरलं. दारावरची अक्षरं राहणार, जाळी राहणार, आणि चासी नंबर जिथे ठोकलेला आहे तिथपासून वीतभर ग्राइंडर यायचा नाही. ही काकांची दुसरी अट.”

“आणि मालकाच्या कागदाचं?”

“ते पहिल्यांदा बघितलं. आपल्याकडे लोक इथेच फसतात बघ. गाडी भंगारात किलोवर देतात, पैसे मोजतात, विसरतात. पण आरटीओत नोंद रद्द केली नाही तर दप्तरात गाडी तुमच्याच नावावर जिवंत. उद्या तिचा नंबर कोणी दुसऱ्या गाडीला लावला तर पोलीस तुमच्या दारात. म्हणून त्या बागायतदाराकडून कागद घेतले, व्यवहार लिहून घेतला, आणि नंबर जुळवून बघितला. मगच क्रेन बोलावली.”

पलीकडून ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. काकांनी आतून चप्पल घातल्याचा आवाज आला.

“निघाले,” काकू म्हणाल्या. “आता दोन वाजेपर्यंत घरात दिसणार नाहीत. सांग त्याच्या आईला, मुलीकडचे पुन्हा येतील तेव्हा लाजू नकोस, मुलीच्या मामाला थेट गाडीपाशीच ने.”

“आणि मामाने विचारलं, रंग कधी देणार, तर?”

“तर सांगायचं, देणार नाही. आणि तुझ्या माहेरी, सासरी, मळ्यात, गोठ्याच्या मागे कोणाची अशी गाडी उभी असेल ना, तर त्यांनाही सांग. किलोवर द्यायच्या आधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा आणि चासी ठोकून बघा. गाडी धड असेल तर कापू नका, दुरुस्त करा आणि कागद सांभाळा. सांगाडाच उरला असेल तर पोरांना देऊन टाका, पण चासी नंबर आणि नावाची अक्षरं राखायला सांगा. आणि काहीच नको असेल तर निदान आरटीओत जाऊन नोंद रद्द करून या.”